काउबॉय कविता वाचताना अडलेल्या जागा: दोर, डागणी, कातडं आणि वृत्त

माळावरचा

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर 'कष्टकऱ्यांची कविता' असं एक सत्र ठरलंय. जात्यावरच्या ओव्या, कोळीगीतं वगैरे इतरांनी घेतली. माझ्याकडे अमेरिकेतल्या गुराख्यांची, म्हणजे काउबॉय कविता आहे. वेळ अर्धा तास. कविता मराठीत करून म्हणायच्या आहेत.

इंग्रजीची अडचण नाही. ओळीत नेमकं कुठलं काम चाललंय ते डोळ्यांपुढे येत नाही, ही अडचण आहे. आणि ही कविता तर सगळी कामावरच उभी. जाणकारांनी जरा सोडवून सांगा:

– दोर टाकून वासरू धरण्याच्या कवितांत तुटलेला अंगठा इतक्या वेळा का येतो?
– वासराला मालकीचा डाग देताना कामाचा क्रम काय? कोण कुठे, कोणाच्या हातात काय?
– हिवाळी कवितांत मेलेल्या वासराचं कातडं जिवंत वासराला चढवतात. हे रूपक आहे की खरंच करतात?
– रात्री कळपाला गाणी म्हणून दाखवणं खरं की सिनेमातलं?
– मराठीत कुठलं वृत्त घ्यावं? मुक्तछंद चालेल का?
– सुरुवात कुणापासून करावी, आणि हक्कांचं काय?

रिकीब

अंगठ्यापासून घेऊ, कारण कवी कुठल्या मुलखातला आहे हे त्यावरून कळतं.

खोगिराच्या पुढच्या टोकाला एक आखूड खुंटा वर आलेला असतो, तो हॉर्न. फास जनावराच्या अंगावर पडला की दोराचं आपल्याकडचं टोक या हॉर्नला अडकवायचं असतं, कारण जनावराला अडवतो तो घोडा, माणसाचे हात नव्हेत. आता हे टोक कसं अडकवायचं, यावर दोन घराणी आहेत.

टेक्सासची जुनी रीत म्हणजे टोक आधीपासूनच हॉर्नला पक्कं बांधलेलं. दोर तीसेक फुटांचा, आखूड. तिकडे काटेरी झुडपं दाट. लांब दोर फिरवायला जागा नसते आणि जनावर झुडपात घुसलं की पुन्हा हाती लागत नाही. एकदा पडलेला फास सुटता कामा नये, म्हणून पक्की गाठ.

नेवाडा, आग्नेय ओरेगन, दक्षिण आयडाहो हा मोकळा, उघडा प्रदेश. तिथल्या स्वारांना बकरू म्हणतात. ही विद्या कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन गुराख्यांकडून आलेली. त्यांचा दोर साठ फुटांपर्यंत लांब आणि टोक मोकळं. फास बसला की दोराचे दोन वेढे हॉर्नभोवती झटकन घ्यायचे. याला डॅली म्हणतात. उजव्या हाताने काम करणारा वेढे घड्याळाच्या उलट दिशेने घेतो आणि अंगठा आभाळाकडे ठेवतो. अंगठा वेढ्याच्या बाजूला वळलेला राहिला आणि त्याच क्षणी मोठ्या जनावराने हिसडा दिला, तर दोर नि हॉर्न यांच्यामध्ये अंगठा सापडतो. मग तो जागेवर राहत नाही. ही दुखापत या धंद्याची ओळखच आहे, म्हणून कवितेत ती दुःख म्हणून कमी आणि चेष्टा म्हणून जास्त येते.

पक्क्या गाठीचा धोका वेगळा. दोर सोडून देता येत नाही. जनावर भारी निघालं, घोड्याचा पाय गेला, की घोडा, स्वार आणि जनावर एकाच दोरात गुंतून पडतात. तेव्हा भाषांतर करताना जपा: नायक डॅलीवाला असेल तरच तो 'दोर सोडून' देऊ शकतो. टेक्सासच्या नायकाला तुम्ही दोर सोडायला लावलात तर तिथला श्रोता कविता तिथेच बाद करेल.

आणखी एक बारकावा. बकरू लोक हॉर्नवर खेचराच्या कातड्याची किंवा साध्या चामड्याची गुळगुळीत पट्टी गुंडाळतात. दोर थोडा घसरतो, त्यामुळे हिसडा हळूहळू मुरतो. वासराचा पाय वाचतो आणि घोड्याच्या पाठीला धक्का बसत नाही. दोर टाकण्याच्या शर्यतीत उतरणारे उलट रबराच्या पट्ट्या गुंडाळतात, म्हणजे दोर जागीच थांबतो. जड जनावर गुळगुळीत हॉर्नवर दोर ओढून नेतं तेव्हा घर्षणाने खरोखर धूर निघतो. कवितेत 'हॉर्नमधून धूर' दिसला तर ती अतिशयोक्ती समजू नका.

आता डाग. साधारण मे-जूनमध्ये, वासरं दीड-दोन महिन्यांची असताना. गायी-वासरं एकत्र कोंडतात आणि स्वार घोडा चालवत, अजिबात न पळवता, कळपात शिरतो. फास उभा करून वासराच्या मागच्या पायांपुढे ठेवतो. वासराने पाऊल टाकलं की दोर वर उचलून आवळायचा. दोन्ही पाय सापडले पाहिजेत. एकच सापडला तर वासरू गिरक्या घेतं, लाथा झाडतं, सांधा दुखावतो. डॅली घेऊन घोडा चालतच वासराला आगीकडे ओढत नेतो. तिथे जमिनीवर दोघं तयार असतात. एक मानेवर गुडघा टेकून वरच्या बाजूचा पुढचा पाय दुमडून धरतो. दुसरा वासराच्या मागे जमिनीवर बसतो, खालच्या मागच्या पायाला बूट टेकवून तो पुढे रेटतो आणि वरचा पाय दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढतो. वासरू असं ताणलं गेलं की हलत नाही. मग लसवाला, चाकूवाला आणि डागणीवाला एकाच वेळी येतात. गोऱ्हा असेल तर खच्ची करणं, शिंगांचे कोंब काढणं, कानाची खूण, सगळं तेव्हाच. सरावलेली माणसं असली की एका वासराला मिनिटभर पुरतं.

चांगल्या डागणीच्या कवितेत प्रत्येक कडव्यात माणूस बदलतो: आधी दोरवाला, मग पाय धरणारा, मग लोखंड. क्रम उलटा झाला तर कविता मोडते.

गुरांचा डॉक्टर

रिकीब यांचं सगळं बरोबर. डागणीबद्दल थोडी भर.

सिनेमात लोखंड लालबुंद दाखवतात. लालबुंद डागणीने डाग बिघडतो: केस पेट घेतात, कातडं खोल जळतं, कडा फुटतात आणि अक्षराचा नुसता डबरा उरतो. बरोबर तापलेली डागणी राखेच्या रंगाची दिसते. ती ३ ते ५ सेकंद टेकवायची, किंचित डोलवायची म्हणजे सगळा भाग सारखा टेकतो. उचलल्यावर कातडं नव्या खोगिराच्या चामड्यासारखं पिवळसर तपकिरी दिसलं की डाग उमटला. काळं लोखंड म्हणजे थंड. केस जळतात, पण खूण राहत नाही, आणि त्याच जागी पुन्हा टेकवलं की रेघा दुहेरी होतात. ओल्या जनावराला डाग देत नाहीत. पाण्याची वाफ होऊन आजूबाजूचं कातडं भाजतं आणि डाग पसरतो. त्यामुळे 'पावसात डागणी' असं दृश्य रंगवू नका, पाऊस आला की आग विझू देतात आणि कॉफी पितात.

जिथे दोन रेघा मिळतात, उदाहरणार्थ ए अक्षराचं टोक, तिथे लोखंडात मुद्दाम फट ठेवलेली असते. नाहीतर तिथे उष्णता साठून तो कोपरा भळभळतो. लाकडाच्या आगीच्या जागी आता बहुतेक ठिकाणी गॅसची भट्टी असते.

लस मुख्यतः फऱ्या या गुरांच्या रोगाची आणि त्याच्या भावंडांची. मानेवर कातडीची चिमूट वर उचलून कातडीखाली टोचतात, मांसात नाही.

आता कातडं. रूपक नाही, नेहमीचं काम आहे. गाय आपलं वासरू वासाने ओळखते. एका गायीचं वासरू मेलं आणि दुसरीकडे पोरकं किंवा जुळ्यातलं एक वासरू आहे, तर मेलेल्या वासराचं कातडं सोलून त्याचं जाकीट करतात. पायांसाठी चार भोकं पाडायची, गळ्याखाली आणि पोटाखाली सुतळीने बांधायचं. शेपटाकडचा भाग शाबूत ठेवायचा, कारण वासरू प्यायला लागलं की गाय तिथेच हुंगते. मग गाय आणि नवं वासरू लहानशा कप्प्यात कोंडतात. तिने चाटायला सुरुवात केली आणि वासरू पोटभर प्यालं की निम्मं काम झालं. तीन-चार दिवसांत कातडं कुजायला लागण्याआधी काढून टाकतात. तोवर गायीचंच दूध वासरातून फिरलेलं असतं आणि त्याच्या अंगाला तिचा वास येतो.

बिघडतं कधी? कातडं शिळं असेल तर. जाकीट सैल होऊन पोटाखाली लोंबलं आणि वासराच्या पायात आलं तर. आणि मेलेलं वासरू हगवणीने गेलेलं असेल तर हा उपाय करूच नये, रोग आयता नव्या वासराला मिळतो. आपल्याकडे म्हैस पान्हवावी म्हणून पेंढा भरलेलं पारडू समोर ठेवायचे, त्याच्या जवळचा प्रकार. फरक इतकाच की इथे आत जिवंत वासरू असतं.

विण्याच्या हंगामातल्या कविता वाचणार असाल तर एवढं हाताशी ठेवा. गाय सुमारे २८३ दिवस गाभण असते. बऱ्याच रँचवर (गुरं पाळण्याच्या मोठ्या कुरणांवर) विणं फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे ऐन थंडीत. पहिलारू कालवडींवर दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी फेरी मारतात, कारण अडतात त्याच. पाणमोट दिसल्यावर तासाभरात प्रगती नसेल तर हात घालून बघतात. दोन पुढचे पाय, तळवे खाली आणि त्यावर नाक, ही सरळ स्थिती. तळवे वर दिसले तर बहुधा वासरू उलटं आहे. साखळी घोट्याच्या वर एक वेढा आणि खाली एक अर्धा वेढा अशी दुहेरी बांधतात. नुसत्या एका वेढ्याने सगळा जोर एकाच जागी येऊन हाड मोडतं. गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, आळीपाळीने एकेक पाय, आणि डोकं बाहेर आलं की ओढ खाली, गायीच्या मागच्या खुरांकडे वळवायची.

वासराला दोन तासांच्या आत चीक मिळाला पाहिजे, फार तर सहा तासांत. त्यानंतर चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जाण्याचा मार्ग बंद होत जातो. गारठलेलं वासरू, म्हणजे तोंडात बोट घातलं तर आतून थंड लागतं असं, ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत बुडवतात, मग पूर्ण कोरडं करतात. अर्धवट ओलं बाहेर सोडलं तर कानाची टोकं आणि शेपूट गोठून झडतात. बिनकानाचं जनावर कवितेत आलं तर त्याच्या जन्माची रात्र कशी होती ते कवीने एका शब्दात सांगितलंय असं समजा.

सावळा गोंधळ

मस्त माहिती. वाचनखूण साठवली. पण एक शंका: हे घोडे, दोर वगैरे आता शोभेचंच ना? पिकअप आणि चारचाकी बाइक आल्यावर कोण कशाला वासरू ओढत बसेल?

रिकीब

@सावळा गोंधळ, अर्धं खरं. पुष्कळ रँचवर वासरं अरुंद गल्लीतून नेऊन आडव्या होणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात धरतात. माणसं कमी लागतात, दोर येणारे लागत नाहीत. कवितांत या पिंजऱ्याची यथेच्छ टिंगल असते. पण कायमची गल्ली, कठडे, फाटकं बांधायला पैसा लागतो. आणि कुरण कोठीपासून चाळीस किलोमीटर दूर, खडकाळ डोंगरात असेल तर जनावर जिथे आहे तिथेच धरावं लागतं. तिथे घोडा आणि दोर आजही स्वस्त पडतो. आजारी बैलाला रानात औषध टोचायचं तरी दोन स्वार लागतात, एक डोक्याला फास टाकणारा, एक मागच्या पायांना.

हिवाळ्यात वैरण टाकायला काही थंड खोऱ्यांत अजून भारी जातीच्या घोड्यांची जोडी बर्फगाडीला जुंपतात. कडाक्याच्या थंडीत डिझेल घट्ट होतं, घोडे होत नाहीत. शिवाय जोडी ओळखीच्या वाटेने आपोआप हळू चालत राहते, म्हणजे एकटा माणूस मागे उभा राहून वैरण फेकू शकतो. साडेपाचशे किलोच्या गायीला दिवसाला १२-१३ किलो सुकं गवत लागतं. तीनशे गायी धरा, रोज साडेतीन टनांच्या वर गवत गंजीवरून उचलून खाली टाकायचं, नाताळ असो की ताप असो. वैरणीच्या कवितांचा सूर वैतागलेला का असतो ते यावरून कळेल.

पांथस्थ

रात्रीच्या गाण्यांचं खरं आहे. मात्र ते एका ठरावीक काळाचं आणि कामाचं आहे, आजच्या रँचचं नव्हे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर टेक्सासमध्ये गुरं अमाप आणि कवडीमोल, उत्तरेकडे मांसाला भाव. रेल्वे कॅन्सासपर्यंत आलेली. म्हणून १८६६ पासून कळप चालवत उत्तरेला नेऊ लागले. कॅन्सासमधल्या ॲबिलीनचा गुरांचा बाजार १८६७ मध्ये सुरू झाला. दोन-अडीच हजार जनावरांमागे दहा-बारा स्वार, एक आचारी, एक राखीव घोडे सांभाळणारा. दिवसाला १५ ते २५ किलोमीटर, त्याहून जास्त हाकलं तर जनावर वाळतं आणि बाजारात वजन भरत नाही. सगळ्यात पुढे अनुभवी दोघे, बाजूंना इतर, आणि शेपटाला नवखे. शेपटाची जागा म्हणजे दिवसभर हजारो खुरांची धूळ खाणं. तोंडावरचा रुमाल त्यासाठी, दरोड्यासाठी नव्हे.

रात्री कळप बसवला की दोन-दोन स्वार पाळीने, साधारण दोन तास, कळपाभोवती फेऱ्या मारायचे. एक उजवीकडून, एक डावीकडून. गाणं अशासाठी की अंधारात घोडेस्वार कुठे आहे ते जनावरांना सतत ऐकू यावं. अचानक काडी मोडली, भांडं पडलं, वीज चमकली की सगळा कळप एकदम उठतो. आवाज चालू असेल तर दचकणं कमी. चाल संथ, घोड्याच्या पावलाशी जुळणारी. शब्द कसेही, स्तोत्राच्या चालीवर शिव्यासुद्धा. कळप उधळलाच तर मागे धावून उपयोग नसतो. पुढच्या जनावरांच्या बाजूला घोडा घालून त्यांना आत वळवत न्यायचं, म्हणजे कळप स्वतःभोवतीच फिरू लागतो आणि दमून थांबतो. हे अंधारात, बिळांनी भरलेल्या माळावर. मरणाच्या कविता बहुतेक इथल्या आहेत, पिस्तुलांच्या नाहीत.

हा काळ जेमतेम वीस वर्षांचा. १८७४ मध्ये ग्लिडन या शेतकऱ्याच्या काटेरी तारेला पेटंट मिळालं, मोकळी कुरणं अडवली गेली, रेल्वे टेक्सासपर्यंत पोहोचली, आणि १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेकडची लाखो जनावरं मेली. त्यानंतर मालकांनी वैरण साठवायला सुरुवात केली आणि गुराखी घोड्यावरून उतरून गवत कापायला, कुंपणाचे खड्डे खणायला लागला. या उतरण्याचा राग शंभर वर्षं कवितेत धुमसतोय. कुंपण, फावडं, गवताची कापणी हे शब्द दिसले की कवी कुरकुरतोय हे ओळखा.

सत्राच्या प्रस्तावनेत एक गोष्ट जरूर घ्या: हे स्वार सगळे गोरे नव्हते. मेक्सिकन आणि गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय गुराखी मोठ्या संख्येने होते, आणि खोगीर, दोर, डागणी ही सगळी विद्या मुळात मेक्सिकोतून आलेली. जुन्या छापील कवितांत हे लोक एक तर दिसत नाहीत, नाहीतर टिंगलीपुरते दिसतात. निवड करताना लक्ष असू द्या.

मात्रामोजणी

वृत्ताचा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून सविस्तर.

जुन्या काउबॉय कवितेचं नेहमीचं कडवं चार ओळींचं. पहिल्या ओळीत चार ठोके, दुसरीत तीन, पुन्हा चार, पुन्हा तीन, यमक दुसरी-चौथीला. दोन-दोन ओळी जोडून लिहिल्या की सात ठोक्यांची एक लांब ओळ होते. एका ठोक्याला चार मात्रा धरा, सात चोक अठ्ठावीस. म्हणजे आपली लवंगलता: ८, ८, ८, ४. आठवा ठोका रिकामा. तिथे म्हणणारा श्वास घेतो आणि विनोदी कविता असेल तर तिथेच लोक हसतात. हा रिकामा ठोका भरून काढायचा मोह टाळा, नाहीतर हशा पुढच्या ओळीवर चढतो.

नमुन्याला दोन ओळी, विण्याच्या रात्रीच्या, माझ्याच:

बर्फ पडे अन् वारा कापे, रात सरेना काही
पहिलारू ती उभी कडेला, वासरु दिसले नाही

('वासरु' मात्रेसाठी ऱ्हस्व. एवढी सूट चालते, कडव्यात दोनदा घेतली तर कानाला टोचते.)

दुसरी चाल दौडीची: दोन हलके, एक जड, दोन हलके, एक जड. तिला सहा-सहा मात्रांची भृंगावर्तनी रचना जवळची. पण घोडा धावत असेल तेव्हाच वापरा. कळप चालतोय, वैरण टाकली जातेय, माणूस मेलाय, आणि चाल मात्र दौडीची, हे नवशिक्या काउबॉय कवींचंही ठरलेलं दुखणं आहे. घोड्याची चाल आणि ओळीची चाल एक हवी.

अक्षरगणवृत्तं नकोत. शार्दूलविक्रीडितात वासराला लस टोचली तर विडंबन होईल. ओवी मात्र काही कवितांना छान बसते, विशेषतः रँचवरच्या बायकांनी लिहिलेल्या घरगुती, थांबत थांबत बोलणाऱ्या कवितांना.

मुक्तछंद? लिहिणारे आहेत, मेळाव्यांच्या मंचावरही येतात, आणि 'ही काउबॉय कविता नव्हे' असा वादही तितकाच जुना आहे. पाठ म्हणायचं असेल तर तुम्हाला छंदच सोयीचा. विसरलात तर यमक पुढची ओळ आणून देतं.

भाषांतरात सगळ्यात जास्त काय बिघडतं सांगू? भरीचे शब्द. 'हो', 'बरे', 'जणू', 'खास' घालून मात्रा भरल्या की गडी शहरी वाटायला लागतो. मात्रा कमी पडल्या तर वस्तू घाला: तारेची पक्कड, ओला दोर, बुटातलं शेण. मूळ कवीही तेच करतो.

माळावरचा

अंगावर मूठभर मांस चढलं, इतकं मिळालं. लवंगलता डोक्यात नव्हतीच. आता कवी आणि हक्क यांवर कुणी बोलेल का? आणि पाठच म्हणायला हवं का, कागद हातात धरला तर?

पांथस्थ

कवी आधी. अर्ध्या तासासाठी तीन पुरे.

बॅजर क्लार्क (१८८३–१९५७). क्षयातून बरं होण्यासाठी ॲरिझोनात आला आणि एका रँचवर राहिला, तिथे लिहू लागला. पहिला संग्रह १९१५ चा. पुढे १९३७ मध्ये साउथ डकोटाचा पहिला राजकवी. भाषा गोड, छंद घट्ट, थोडा भाविक.

ब्रूस किस्काडन (१८७८–१९५०). माझ्या मते यांच्यात अस्सल हाच. तरुणपणी गुरांमागे राबला आणि उतारवयात लॉस एंजेलिसच्या हॉटेलात सामान उचलणारा पोऱ्या म्हणून काम करत लिहीत राहिला. लहान, कोरड्या कविता. एखादं काम कसं करतात ते सांगतो आणि थांबतो. तुम्हाला भाषांतराला सर्वांत सोपा आणि सर्वांत अवघड हाच.

तिसरा वॉलेस मॅक्रे, माँटानातला रँचमालक. १९९० मध्ये राष्ट्रीय लोककला पाठ्यवृत्ती मिळालेला. विनोदासाठी प्रसिद्ध, पण कोळशाच्या उघड्या खाणींनी त्याच्या खोऱ्यातली कुरणं कशी गिळली यावरच्या कविता जास्त मोलाच्या. जुन्या दोघांनंतर हा घेतलात तर श्रोत्यांना कळेल की ही कविता संग्रहालयात गेलेली नाही.

हक्क: अमेरिकेत छापून पंचाण्णव वर्षं उलटलेल्या कविता तिथे मुक्त आहेत, म्हणजे क्लार्कचं सुरुवातीचं लेखन बिनधास्त घ्या. किस्काडनचा पहिला संग्रह १९२४ चा, त्यामुळे तोही त्यात बसतो. नंतर नियतकालिकांत आलेल्या कवितांचं प्रत्येकीचं वेगळं पाहावं लागेल. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं धरतात, त्या हिशेबाने दोघंही मोकळे. मॅक्रेसाठी परवानगी मागा किंवा भाषांतर न करता कवितेचा आशय स्वतःच्या शब्दांत सांगा.

पाठ की कागद: पाठ. नेवाडातल्या एल्को गावात १९८५ च्या जानेवारीत पहिला मोठा मेळावा भरला, वेस्टर्न फोकलाइफ सेंटर ही संस्था तो आजही भरवते. तेव्हापासून या कवितेला मंच मिळाला, पण त्याआधी ती घोड्यावर आणि जेवणाच्या गाडीपाशी तोंडी फिरत होती. दुसऱ्याची कविता पाठ म्हणणारे स्वतंत्र कलाकार तिथे आहेत, त्यांना कवीइतकाच मान. मेळावा जानेवारीअखेरीस का? शरदात वासरं विकून झालेली, विणं अजून सुरू व्हायचं, कुंपणाचे खड्डे खणायला जमीन गोठलेली. रँचच्या वर्षात माणसाला घर सोडता येईल अशी तेवढीच फट असते.

अर्ध्या तासात चार-चार मिनिटांच्या पाच कविता. प्रत्येकीआधी दीड मिनिट बोला, त्याहून जास्त नको. कामाचा एकच तपशील आधी सांगून ठेवा, उदाहरणार्थ राखाडी लोखंड किंवा कातड्याचं जाकीट, म्हणजे ओळ आली की लोक मागे राहत नाहीत. कवीचं नाव कवितेच्या आधी घ्या, नंतर नव्हे. टोपी घालायची तर घाला, पण ओढूनताणून अमेरिकी हेल नको.

गुरांचा डॉक्टर

आजच्या कवितांसाठी एक राहिलं. नेवाडातली सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे. रँचमालकाची स्वतःची जमीन खोऱ्यात, पाण्याकाठी, थोडी. उन्हाळी चराई सरकारी डोंगरावर, परवान्याने. १९३४ च्या चराई कायद्यापासून ही व्यवस्था आहे. परवान्यात हिशेब असा: एक गाय तिच्या वासरासह एक महिना जेवढं खाईल ते एक माप. दुष्काळात सरकार मापं कमी करतं, मग गायी विकाव्या लागतात, आणि दहा-पंधरा वर्षं निवडून जपलेलं खिल्लार एका दिवसात लिलावात जातं. नव्या कवितांत 'माणूस नकाशा घेऊन आला' असं काही दिसलं तर ते यातलं आहे.

माळावरचा

शेवटची शंका. कवितांत रँचची नावं डागाच्या खुणेवरून येतात, अक्षर आडवं, अक्षराखाली कमान वगैरे. म्हणताना ती कशी वाचायची?

रिकीब

नियम तीन: डावीकडून उजवीकडे, वरून खाली, बाहेरून आत. अक्षर आडवं पडलेलं असेल तर 'आळशी', खाली कमान जोडलेली असेल तर 'झुलतं', वर पंख असतील तर 'उडतं', खाली पाय असतील तर 'चालतं', आडवी रेघ म्हणजे 'बार'. वर रेघ आणि खाली आडवं एस असेल तर 'बार आळशी एस', उलट क्रम असेल तर 'आळशी एस बार', आणि ही दोन वेगळ्या मालकांची गुरं. डाग राज्याकडे नोंदवलेला असतो तो जागेसकट, म्हणजे डावा पुठ्ठा की उजवी बरगडी हेही नोंदीत असतं. पश्चिमेच्या बऱ्याच राज्यांत गुरं विकण्याआधी सरकारी निरीक्षक डाग तपासून कागद देतो. तेव्हा भाषांतरात डाग डाव्या पुठ्ठ्यावर असेल तर तो यमकासाठी उजवीकडे नेऊ नका.